बाबांची फियाट आणि मॅट काळा रंग

रोहन (बी-302): मंडळी, खाली उभी असलेली बाबांची फियाट एकदाची मार्गी लावतोय. मॅट काळा रंग, अलॉय चाकं आणि स्टिअरिंगवरचा गिअर खाली घेणार. पेंटरने सगळे मिळून दीड लाख सांगितलेत. पुढेमागे विकली तर वसूल होतील ना?

जोशी काकू: आधी ताडपत्रीखालच्या मांजरीचं बघ. परवाच व्यालीय.

देशमुख काका (ए-101): रोहन, थांब जरा. कुठल्या सालची?

रोहन: 1969. फियाट 1100 डिलाइट. आरसीवर रंग फिका निळा.

देशमुख काका: म्हणजे पद्मिनी हे नाव पडायच्या आधीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. निळा रंग तिथलाच असेल तर खरा भाव त्यालाच आहे बाबा. जाणकार गिऱ्हाईक चकाकी बघत नाही. दाराचं रबर उचलतं, डिकीतली चटई वर करतं. बाहेर काळा नि आत निळा दिसला की विचारणार, काय झाकलंय?

सचिन (सी-204): पण काका, रंग उडालेली गाडी घेणार कोण?

देशमुख काका: रंग उडालेला चालतो, गंज नाही चालत. तळाचा पत्रा सडला असेल तर तेवढाच बदल, त्याच शेडमध्ये रंगव, कामाचे फोटो काढून ठेव.
माझी पद्मिनी आठवते ना? एका गॅरेजात दिली होती. पठ्ठ्याने काचा न उतरवता कागद चिकटवून स्प्रे मारला, सगळ्या रबरांवर लाल शिंतोडे. क्रोमचे बंपर मला न विचारता भंगारात. पुढे गिऱ्हाईक आलं ते खिशात लोहचुंबक घेऊन. डाव्या मडगार्डला लावलं तर सर्रकन घसरून खाली. आत पत्र्याऐवजी नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली! ठरल्या भावातून 40 हजार तिथेच उतरवले त्याने. मी काय बोलणार?

रोहन: बापरे. आणि गिअर?

देशमुख काका: अरे, स्टिअरिंगवरचा गिअर आणि पुढचं सलग सीट हीच तर मजा आहे त्या गाडीची! गिअर खाली घ्यायचा म्हणजे तळ कापणं आलं. अलॉय घाल हवं तर, पण जुनी चाकं नि कॅप माळ्यावर ठेव. देऊन टाकू नकोस कुणाला.

पाटील वकील (ए-303): रंग बदललास तर आरसीवर नोंद करावी लागेल. शिवाय 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 2021 चा नियम आहे. नव्या नोंदणीची फी 20 हजार, नंबरात व्हीए येतं. मात्र चासी, बॉडी, इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. आणि मग रोज ऑफिसला नेता येणार नाही हां.

रोहन: फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन खाली जातो.

जोशी काकू: मांजर ओरबाडेल.

रोहन: उजवं मागचं मडगार्ड सोडून सगळीकडे चिकटलं! आई म्हणते, 1986 ला खंबाटकी घाटात ट्रक घासला होता. पेंटरला ‘नको’ म्हणून कळवलं. पिल्लं चार आहेत, मागच्या सीटवर. कुणाला हवीत?