'रहाड' लघुपटाचे पोस्टर: रचनेत गर्दी होत आहे, मार्गदर्शन हवे

पंचवटीची_विद्यार्थिनी:
नमस्कार. मी नाशिकमध्ये उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. या सत्रात आम्हाला एका काल्पनिक लघुपटाचे पोस्टर करायचे असून मी जुन्या नाशकातील रहाडीचा विषय घेतला आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: रहाड म्हणजे पेशवेकालीन दगडी हौद. तो वर्षभर चौकातल्या रस्त्याखाली बुजवलेला असतो आणि रंगपंचमीला उघडून त्यातल्या रंगीत पाण्यात लोक धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात. दरवर्षी पहिल्या धप्प्यांत असणारा एक म्हातारा या वर्षी प्रथमच वाड्याच्या माडीवरून रंगपंचमी पाहतो, अशी माझी कथा आहे.

पहिल्या कच्च्या आराखड्यात मी म्हाताऱ्याचा चेहरा, उडणारे पाणी, गर्दी, गोदाघाटावरची देवळे आणि कोपऱ्यात चित्रफितीचे रीळ असे सगळे बसवले होते. ते पाहून सरांनी "हे लग्नाच्या अल्बमचे मुखपृष्ठ झाले आहे" एवढेच म्हटले. काय काढावे आणि काय ठेवावे, हे मला ठरवता येत नाही. पोस्टर ए-थ्री आकारात द्यायचे आहे.

जुना_कुंचला:
ताई, रीळ आजच काढून टाका. पोस्टर चित्रपटाचे आहे हे पाहणाऱ्याला कळतेच, आणि दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात तर ते वेगळे सांगण्याची मुळीच गरज नाही. देवळेही काढा, ती नाशिकची ओळख सांगतात, तुमच्या म्हाताऱ्याची नाही.

मी अनेक वर्षे चित्रपटगृहांचे फलक हाताने रंगवले. त्या सवयीने मी आधी नावाकडे पाहतो, आणि तुमचे नाव फार भाग्याचे आहे. 'रहाड' या शब्दात वेलांटी नाही, मात्रा नाही, रफार नाही. शिरोरेषेच्या वर काहीच येत नाही. रोमन अक्षरे रेषेवर उभी राहतात, आपली अक्षरे रेषेला लोंबतात. मग ती शिरोरेषा हाच चौकातला रस्ता का असू नये? ती पोस्टरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढा, वरचा तिसरा हिस्सा कोरडा, धुळीच्या रंगाचा ठेवा आणि खाली अक्षरे हौदातल्या पाण्यात उतरू द्या. 'ह'च्या पुढचा काना इतर अक्षरांपेक्षा लांब करून तळापर्यंत नेला, तर खोलीही आपोआप दिसेल. रेषेवर, कोरड्या बाजूला, पाठमोरा बसलेला म्हातारा अंगठ्याएवढा काढा. त्याला मोठा करण्याचा मोह होईल, पण तो लहान असेल तरच त्याच्या पायांखाली केवढे पाणी आहे हे कळेल.

रंग एकच वापरा. प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेने ठरलेला असतो, त्यामुळे तुमच्या चौकातल्या रहाडीचा जो असेल तो घ्या. उगाच सात रंग उधळू नका. नावासाठी तयार फाँट न वापरता अक्षरे जाड निबाने किंवा सपाट कुंचल्याने तीस-चाळीस वेळा लिहून पाहा. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे मिळतील तेवढी जमवून समोर ठेवा. शब्दाचा अर्थ त्याच्या अक्षरांच्याच अंगात कसा आणावा, हे त्यांत नीट पाहायला मिळते.

गंगापूर_रोड:
कुंचलाकाकांच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. आज पोस्टर भिंतीपेक्षा भ्रमणध्वनीवर, दोन इंच उंचीच्या चौकटीत अधिक पाहिले जाते, आणि तिथे अंगठ्याएवढा म्हातारा मुगाच्या दाण्याएवढा होतो. लोक चेहऱ्याकडे आधी पाहतात. म्हणून चेहरा ठेवावा, मात्र एकच, आणि तोही पाण्यातले प्रतिबिंब म्हणून. बाकी शिरोरेषेची कल्पना उत्तम आहे.

जुना_कुंचला:
प्रतिबिंब काढले तर अक्षरे आणि चेहरा एकाच जागेसाठी भांडतील. दोन्ही करून पाहा आणि निर्णय डोळ्यांवर सोडा. या बाबतीत माझा हट्ट नाही.

छापखान्यातला:
रचनेत मी पडत नाही, पण विद्यार्थ्यांच्या फाइली ज्या चुकांमुळे परत पाठवाव्या लागतात त्या सांगतो. ए-थ्रीसाठी ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा रंगीत भाग, सोडा. तुमची शिरोरेषा कडेपर्यंत जाणार असल्यामुळे ते न सोडल्यास कापताना पांढरी पट्टी राहील. पुढे हेच पोस्टर चित्रपटगृहांच्या ३० गुणिले ४० इंची आकारात करायचे झाले, तर त्याचे गुणोत्तर ए-थ्रीपेक्षा रुंद आहे हे लक्षात ठेवा. नुसते मोठे करून भागत नाही, वरचे किंवा खालचे काहीतरी कापले जाते.

पडद्यावरचा झळाळता गुलाबी किंवा केशरी चार शाईंच्या छपाईत मलूल होतो, तेव्हा सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्याच चार शाईंत, एक लहान नमुना आधी छापून घ्या. श्रेयनामावलीसाठी मराठी फाँट आडवा दाबून बारीक करू नका, कारण त्यात उभ्या रेषा बारीक होतात आणि शिरोरेषा जाडच राहते. मुक्ता या फाँटमध्ये सात वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, त्यातले हलके वजन घ्या आणि दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला नसेल, तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते. छपाईला देताना अक्षरे आउटलाइनमध्ये, म्हणजे फाँटशिवाय उघडणाऱ्या आकारांत, बदलून द्या, मात्र बदलता येणारी मूळ प्रत जपून ठेवा.

पंचवटीची_विद्यार्थिनी:
सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही आराखडे ए-थ्रीवर साध्या कागदावर छापून जिन्याच्या भिंतीवर लावले आणि खालच्या पायरीवरून आत्याला वाचायला सांगितले. चेहऱ्याच्या आराखड्याकडे पाहून तिने "हे कोण?" असे विचारले. दुसऱ्याकडे पाहून तिने आधी "हा खाली का उतरत नाही?" असे म्हटले, म्हणून मी लहान म्हाताराच ठेवला आहे; दोन इंची चौकटीसाठी फक्त शिरोरेषा, म्हातारा आणि काना यांची वेगळी आवृत्ती करत आहे.

एक अडचण मात्र उरली आहे. आत्याने नाव 'रहाट' असे वाचले. पाण्याखालचा भाग फिकट केल्यामुळे 'ड'ची मधली गाठ दुरून दिसत नाही. आज रात्री ती गाठ मोठी करून आणि तिच्याभोवतीचे पाणी थोडे गडद करून पुन्हा जिन्यात लावणार आहे.