कुंडीतला, पोत्यातला, टबातला बटाटा : सोलापूरकरांचे अनुभव

यंदा सोलापुरातली जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठण्यापूर्वीच मी गच्चीवरच्या सहा पिशव्या उपड्या केल्या आणि त्यांतून सव्वातीन किलो बटाटे निघाले. आकडा मिरवण्यासारखा नाही. परंतु आधीच्या दोन प्रयत्नांत मिळून पाव किलोही हाती आले नव्हते, त्यामुळे मधल्या काळात नेमके काय बदलले ते लिहून ठेवावेसे वाटले. आपल्यापैकी ज्यांनी कुंडीत, पोत्यात, टबात किंवा रंगाच्या रिकाम्या डब्यात बटाटा लावून पाहिला असेल, त्यांनी आपले अनुभव येथे जरूर लिहावेत. फसलेले प्रयोग आधी लिहिलेत तर अधिक बरे, कारण मोबाइलवर पाहावे तर सगळ्यांचेच बटाटे टोपलीभर निघतात.

पहिल्या वर्षी मी मृगाच्या पावसावर लागवड केली. पुणे जिल्ह्यात खेड-आंबेगावकडे आणि साताऱ्यात खटावकडे खरिपात बटाटा होतो, मग आपल्याकडे का होऊ नये, असा माझा हिशेब होता. त्या भागात पावसाळी हवा थंड असते आणि सोलापुरात पाऊस पडूनही रात्र उकडतच राहते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पाला गुडघाभर वाढला आणि खाली बोराएवढ्या चार गाठी मिळाल्या. बटाटा हे मूळ नसून जमिनीखालच्या फांदीचा फुगलेला शेंडा आहे, आणि तो नीट फुगण्यासाठी 15 ते 20 अंशांची रात्र लागते. माती 30 अंशांकडे सरकली की पानांनी तयार केलेले अन्न खाली साठत नाही, पाल्यातच खर्ची पडते. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस लावला. वेळ बरोबर साधली, पण पिशव्या रोपवाटिकेतल्या काळ्या आणि त्याही पश्चिमेच्या कठड्याला टेकवलेल्या. दुपारी माती चाचपली तेव्हा हाताला चांगलाच चटका जाणवला. यंदा तारीख तीच ठेवली आणि फक्त जागा व भांडे बदलले. साखरेची पांढरी पोती अर्ध्यावर दुमडली, पूर्वेच्या भिंतीलगत विटांवर मांडली आणि वरून उसाच्या पाचटाचा चार बोटे थर दिला. आपल्या जिल्ह्यात पाचट मागायला कोणापुढे हात पसरावे लागत नाहीत.

विजापूर रोड
पोते जसजसे मातीने भरत जावे तसतसे मजल्यामजल्याने बटाटे लागत जातात, या समजुतीने मी एका पोत्याला अडीच फुटांपर्यंत भर देत गेलो. त्यात माती किती गेली आणि कंबर किती दुखली याचा हिशेब न केलेलाच बरा. काढणीला सगळे बटाटे तळच्या वीतभर मातीत, मूळ बेण्याच्या आसपास सापडले आणि वरची दोन फूट माती निव्वळ ओझे ठरली. मी कुफरी पुखराज लावला होता. असे लवकर तयार होणारे वाण बुंध्याच्या खालच्या डोळ्यांतूनच गाठी धरतात आणि नंतर वर कितीही माती लोटली तरी नवा मजला चढत नाही, हे मला मागाहून समजले. भर द्यायची ती पोसणारे बटाटे उघडे पडू नयेत म्हणून, आणि तेवढ्यासाठी एकूण सव्वा ते दीड फूट खोली पुष्कळ झाली.

शेळगी
मी गावाकडची काळी माती आणून दोन टब भरले. ज्वारीला ही माती सोन्यासारखी असली तरी टबात ती ओली असताना चिखल होते, वाळली की विटेसारखी घट्ट बसते आणि मग भेगाळते. बटाटे निघाले ते वाकडेतिकडे, जणू कोणी मुठीत आवळून धरल्यासारखे. दोन बेणी तर उगवण्याआधीच कुजली. पुढच्या वेळी लाल माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेतले आणि टबाला बुडाशी सहा भोके पाडली. तेवढ्यावर बटाटे गोल निघाले.

अशोक चौक
पाने फिकी दिसली म्हणून दोनदा मूठमूठ युरिया टाकला. झाड इतके देखणे झाले की शेजारी पाहायला येत. खाली तीनच बटाटे होते.

होटगी रोड
आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी कुंड्या तुडुंब भरायच्या आणि मग त्यांच्याकडे पाहायचे नाही, असा आमचा रिवाज होता. बटाट्याला तो मानवला नाही. काही बटाट्यांना आल्यासारखी बोंडे फुटली, तर काही उभे तडकले, कारण कोरड्या मातीत थांबलेली वाढ पाणी मिळताच एकदम उसळते. शिवाय साल खरपुडी (सालीवर खपल्या आणणारा रोग) धरल्यासारखी खडबडीत झाली होती. याला मीच जबाबदार होते. कापलेल्या बेण्याला राख चोळावी हे ऐकून मी मातीतही दोन ओंजळी राख मिसळली होती. आपल्या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते, त्यात राखेने ती आणखी अल्कधर्मी होते आणि गाठी धरण्याच्या सुमारास माती कोरडी पडली की या खरपुडीला रान मोकळे मिळते. चव मात्र बिघडत नाही, जाड सोलून भाजी केली. आता मी पिंपात पाणी साठवून रोज सकाळी तांब्याभरच घालते.

दमाणी नगर
वेळ अमावस्येला आम्ही गावी शेतावर गेलो आणि तीन दिवस राहिलो. तेवढ्यात वाऱ्याने पाचट उडाले आणि वर आलेले पाच-सहा बटाटे उन्हाने हिरवे झाले. सासूबाईंचे म्हणणे, शिजवल्यावर काय राहते? मी त्यांना समजावले की हिरवेपणाबरोबर सालीत सोलॅनिन वाढते, ते कडू आणि विषारी असते व शिजवूनही जात नाही. त्या मानल्या, पण बटाटे फेकताना त्यांचा चेहरा पाहवला नाही. झाडाला टोमॅटोसारखी हिरवी फळेही धरतात. तीही विषारीच, म्हणून घरात लहान मुले असतील तर ही फळे आधी खुडून टाकावीत.

बाळे
मला बेण्याविषयी लिहायचे आहे. बाजारातून आणलेले बटाटे महिनाभर टोपलीत ठेवूनही एका डोळ्याला कोंब आला नाही. शीतगृहात कोंब रोखणारे औषध वापरतात, शिवाय ताज्या काढणीचा बटाटा तसाही दोन-अडीच महिने निजलेला असतो. अखेरीस ओळखीच्या शेतकऱ्याकडून अंड्याएवढे बेणे आणले आणि ते सावलीत, पण उजेडात पसरून ठेवले. पंधरा दिवसांत जाडसर, आखूड, जांभळट कोंब आले. बेणे लहान असल्याने कापले नाही, त्यामुळे राखेचा प्रश्नच उद्भवला नाही. उशिरा लावणाऱ्यांनी शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचा कुफरी सूर्या हा वाण शोधून पाहावा. तो उष्णता सोसणारा म्हणूनच काढलेला आहे.

भवानी पेठ
माझी लागवड डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली, म्हणजे वर लिहिलेल्या सगळ्यांहून उशिराची. गच्ची नाही, जिन्यातल्या खिडकीत रंगाचे दोन डबे आहेत. आता दुपारी ऊन टोचू लागले आहे आणि एका डब्यातली पाने खालून पिवळी पडत आहेत. येत्या रविवारी पाला कापून पाणी तोडणार आणि साल पक्की होण्यासाठी दहा दिवस डबे तसेच ठेवणार. दुसरा डबा अजून हिरवागार आहे, त्याला ओल्या बारदानात गुंडाळून ठेवले आहे. दोन्हींची वजने येथेच लिहीन.