कॅमेरा ट्रेनी म्हणून पहिलंच शूट: आधी काय शिकू? आणि एफटीआयआयचं काय?

पौडफाटा
नमस्कार मंडळी. बीएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष. हाताशी एक मिररलेस कॅमेरा आणि फोटोच्या दोन लेन्स. पुढच्या महिन्यात एका मराठी चित्रपटाच्या कॅमेरा टीममध्ये ट्रेनी म्हणून जायचं ठरतंय. शूट पुण्यातच, बरंचसं पेठेतल्या जुन्या वाड्यात. पुढे सिनेमॅटोग्राफरच व्हायचंय. फ्रेमिंग आणि रंगांवरचे व्हिडिओ भरपूर पाहिलेत. सेटवर खरोखर लागणारं काय ते सांगा. पदवीनंतर एफटीआयआयची (पुण्यातली फिल्म इन्स्टिट्यूट) परीक्षा द्यावी का?

क्लॅपशून्य
ट्रेनीच्या वाट्याला पेट्या, बॅटऱ्या, मेमरी कार्ड आणि क्लॅप. त्यात सगळ्यात जोखमीचं कार्ड. कॅमेऱ्यातून निघालं की लगेच लाल टेप, त्यावर रोल नंबर. कॉपी पडताळेपर्यंत लाल टेपचं कार्ड कॅमेऱ्याकडे परत जाता कामा नये. कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर, तीही चेकसम (मूळ आणि कॉपी तंतोतंत एक आहे ना, ते दाखवणारा आकडा) पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरने. नुसतं ओढून टाकलं तर बिघडलेली फाईलही यादीत शहाण्यासारखी दिसते आणि एडिटच्या टेबलावर उघडत नाही. दोन्ही कॉप्या पडताळल्याशिवाय फॉरमॅट नाही, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं.

शूटच्या आधी भाड्याच्या सामानाचं चेकिंग असतं, तिथे हट्टाने जा. लेन्सवर झाकण लावून काळी फ्रेम बघायची: हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा बिघडून पेटलेला बिंदू) असेल तर ठिपका चमकतो. मग एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र अगदी लहान करून) पांढऱ्या कागदावर, फोकस मुद्दाम घालवून: सेन्सरवरची धूळ काळी दिसते. मग प्रत्येक लेन्स २ मीटरवर टेपने मोजून रिंगवरच्या आकड्याशी ताडायची. टेली (लांबचं जवळ आणणाऱ्या) जुळतात आणि वाइड (रुंद दाखवणाऱ्या) जुळत नाहीत, असं झालं तर संशय लेन्सवर नाही, माउंटवर (लेन्स बसते ती जागा) घ्या. बॅक फोकस, म्हणजे लेन्स आणि सेन्सरमधलं ठरलेलं अंतर, हललेला असतो.

पावसाळ्यात शूट असेल तर एसी खोलीतून बाहेर आणलेली लेन्सची पेटी अर्धा तास बंदच ठेवा. लगेच उघडली की काचेवर बाष्प धरलंच.

टेपवाला
पुढची शिडी सरळ आहे: ट्रेनी, असिस्टंट, फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस जुळवत राहणारा), ऑपरेटर, डीओपी (मुख्य सिनेमॅटोग्राफर). म्हणून वरच्यात फोकसची भर. टेप लेन्सच्या तोंडापासून नाही, सेन्सरच्या पातळीपासून लावायची. कॅमेऱ्याच्या अंगावर आडव्या रेघेने छेदलेलं वर्तुळ असतं, तिथून. सुपर ३५ सेन्सर (सिनेमा कॅमेऱ्यांतलं नेहमीचं माप), ५० एमएम लेन्स, एफ/२.८, माणूस २ मीटरवर: शार्प पट्टा साधारण २२ सेंटिमीटर. तीच लेन्स एफ/१.४ ला उघडली की ११. आणि ८५ एमएम, एफ/२, दीड मीटर म्हणजे जेमतेम ३ सेंटिमीटर. डोळे शार्प, नाकाचा शेंडा गेला. नटाने बोलताना मान पुढे काढली की टेक गेला. हे आकडे पाठ असलेला असिस्टंट 'साहेब, अर्धा स्टॉप बंद करता येईल का' हे योग्य वेळी विचारतो. (एक स्टॉप बंद केला की प्रकाश निम्मा.)

घरी रोज नजरेने अंतर ओळखा आणि मग टेप लावा: १, दीड, २, ३ मीटर. मिररलेसच्या बहुतेक लेन्समध्ये फोकस रिंग मोटरला हुकूम देते. हळू फिरवली की एक अंतर, झटकन फिरवली की दुसरं. त्यामुळे तिच्यावर खुणा करून फोकस ओढण्याचा सराव होत नाही. जुनी मॅन्युअल लेन्स ॲडॅप्टरने लावा, रिंगवर पांढरी टेप चिकटवा आणि पेन्सिलने खुणा करा.

पौडफाटा
धन्यवाद! हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. वाड्यात लाईटचं काय बघून ठेवू? वायरिंग जुनं आहे म्हणतात.

माजघर
मग आधी वायरिंगच बघा. साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर १ किलोवॉटचा टंगस्टन लाईट लावला की ४.३ अँपिअर गेले. त्याच लाईनवर कोणी किटली लावली की फ्यूज उडाला. मोठे लाईट जनरेटरवर, घरच्या लाईनवर फार तर एलईडी (३०० वॉट म्हणजे साधारण दीड अँपिअर).

दुसरं फ्लिकर, म्हणजे चित्रात दिसणारी प्रकाशाची लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. सेकंदाला २४ फ्रेमला १८० अंशाचं शटर म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद. ते जुळत नाही आणि भिंत हळू हळू धडधडते. १७२.८ अंश लावा, १/५० होतं. फिजिक्सवाले आहात, गणित स्वतः मांडून बघा. स्वस्त एलईडी डिमरवर खाली आणले तर यानेही सुटत नाहीत, ते बदलायचेच.

माजघरात दिवसाचा सीन असेल तर लाईट आत नको. खिडकीबाहेर, ट्रेसिंग पेपरमधून. बाहेरचं ऊन आतल्यापेक्षा सहा-सात स्टॉप जास्त असू शकतं, म्हणून फ्रेममध्ये दिसणाऱ्या खिडकीच्या काचेवर एनडी जेल (रंग न बदलता प्रकाश कमी करणारी राखाडी फिल्म). वाइड शॉट आधी उरकायचे, कारण ऊन सरकतं. क्लोजअपला ते खोटं उभं करता येतं. चौकात तर वरून पांढरं कापड ताणून प्रकाश उसळवणं सर्वांत सोपं. सत्यजित रायांचे सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्रांनी 'अपराजितो'साठी (१९५६) स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घराच्या चौकात हेच केलं होतं.

उघड्या उन्हात आयएसओ ८००, १/५० आणि एफ/२.८ हवं तर ९ स्टॉप कापावे लागतात, म्हणजे लेन्सवर एनडी २.७ फिल्टर. इतका जड साधा एनडी लावला की इन्फ्रारेड आत शिरतो आणि काळा कोट तपकिरी दिसतो. आयआरएनडी (इन्फ्रारेडही अडवणारा एनडी) मागवा. कपडेपटाला तो कोट दुसरा आणायला लावू नका.

लॉकॉलेजरोड
एफटीआयआयबद्दल. कुठल्याही शाखेची पदवी चालते, सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा. के. के. महाजन, संतोष सिवन हे नामवंत सिनेमॅटोग्राफर तिथलेच. पण तिथे प्रकाशयोजनेचे धडे मिळतात म्हणून जावं असं मी म्हणणार नाही. धडे सेटवरही मिळतात. तिथे चुकीचं एक्स्पोजर देऊन बघता येतं, सेटवर कोणी देऊ देणार नाही. शिवाय बरोबर शिकणारे दिग्दर्शकच पुढे काम देतात. हे शूट करा, मग ठरवा.

टेपवाल्यांशी एक मतभेद: ट्रेनी, असिस्टंट, फोकस पुलर, ऑपरेटर, डीओपी अशी सरळ शिडी धरून बसू नका. चांगल्या फोकस पुलरला कोणी सोडत नाही, आणि तो तिथेच राहतो. डीओपी व्हायचं तर सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या शॉर्टफिल्म स्वतः शूट करत राहा.

आणि दिवसाचा दर, किती तासांनंतर ओव्हरटाईम, पैसे किती दिवसांत, हे आधी मेलवर लिहून घ्या. या धंद्यात ९० दिवसांनी पेमेंट ही नवलाची गोष्ट नाही.