कळंब्याच्या काठावरचे हिवाळी वटवटे : ब्लिथ्स रीड, ग्रीनिश आणि बूटेड कसे ओळखावेत?

प्रश्न :
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या कळंबा तलावाच्या एका बाजूला बाभळी, घाणेरीची जाळी आणि पलीकडे उसाचे फड आहेत. दिवाळीनंतर तेथे चिमणीहून लहान, मळकट हिरवट-तपकिरी पक्षी सतत हलताना दिसतात. राखी वटवट्या आणि शिंपी बारमाही इथलेच असल्याने ते ओळखता येतात. अडचण होते ती पाहुण्यांची. ब्लिथ्स रीड, ग्रीनिश आणि बूटेड हे वॉर्बलर, म्हणजे वटवटे, पुस्तकात निरनिराळ्या रंगांचे दिसतात, पण सकाळच्या तिरप्या उन्हात एकच पक्षी घटकेत हिरवट, घटकेत तपकिरी भासतो. दुर्बिणीत तो क्षणभरच थांबतो. तेवढ्यात नेमके काय पाहावे?

उत्तर १ :
रंग शेवटी पाहावा. आधी आवाज ऐकावा आणि पक्षी किती उंचीवर आहे ते पाहावे. घाणेरीच्या आतून, दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा कोरडा ‘चक्’ थांबून थांबून येत असेल, तर तो बहुधा ब्लिथ्स रीड असतो. हिवाळ्यात हा पक्षी पाणकणसांपेक्षा कोरड्या झुडपांत आणि बागांतच अधिक आढळतो. ग्रीनिश झाडाच्या वरच्या पानोळ्यात वावरतो आणि ‘चि-स्वी’ अशी तीक्ष्ण हाक देतो. तो हिवाळाभर स्वतःची हद्द राखत असल्याने ही हाक वारंवार ऐकू येते.

पक्षी समोर आलाच तर नजर थेट भुवईवर, म्हणजे डोळ्यावरच्या फिकट रेघेवर, न्यावी. ग्रीनिशची फिकट भुवई चोचीपासून डोळ्याच्या बरीच मागे जाते आणि तिच्याखालची गडद रेघ स्पष्ट असते. ब्लिथ्स रीडची भुवई चोच आणि डोळा यांच्यामध्येच उठून दिसते, डोळ्यामागे ती जवळजवळ विरते. चोच लांब, कपाळ चपटे आणि शेपटीचे टोक गोलसर असते. ग्रीनिशच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते, परंतु पिसे झिजल्यावर ती दिसेनाशी होऊ शकते, म्हणून पट्टी नाही एवढ्यावरून ग्रीनिशला बाद करू नये.

उत्तर २ :
वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त बूटेडच्या बाबतीत आवाजावर फार विसंबू नये, कारण त्याचाही आवाज कोरडा आणि तुटक असतो. त्याची शेपटी पाहावी : टोक गोलसर नसून चौकोनी असते, कडेची पिसे पांढुरकी असतात आणि शेपटीखालची झाकणपिसे (शेपटीचे मूळ खालून झाकणारी पिसे) आखूड असतात, ब्लिथ्स रीडमध्ये हीच पिसे लांब असतात. बूटेडची चोच आखूड असून खालच्या भागाचे टोक गडद असते.

बाभळीवर मात्र साइक्स वॉर्बलरचीही शक्यता ध्यानात ठेवावी. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती. हा पक्षी त्यांच्याच नावाने ओळखला जातो, त्यामुळे आपल्या भागातल्या निरीक्षकांना त्याच्याविषयी विशेष आस्था वाटावी. त्याची चोच बूटेडपेक्षा लांब, खालचा भाग बहुतांशी फिकट, आणि शेपूटही लांब असते. बूटेड गवताळ माळावरच्या खुरट्या झुडपांत अधिक रमतो. या दोघांत स्पष्ट फोटोशिवाय निर्णय देणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच राधानगरीच्या जंगलातही हेच निकष चालतील का?

उत्तर ३ :
भुवई आणि आवाज तेथेही उपयोगी पडतात, पण तुलना बदलते. तेथे ग्रीनिशच्या जोडीला वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर असतो. त्याच्या डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा आणि पंखावर दोन पट्ट्या असतात. लार्ज-बिल्ड लीफ वॉर्बलर दिसायला ग्रीनिशसारखाच, परंतु चोच जाड व गडद. त्याची दोन सुरांची, दुसरा सूर चढणारी हाक एकदा कानात बसली की पक्षी न दिसताही ओळखता येतो. म्हणून पक्षी फांद्यांआड असला तरी मोबाईलवर त्याची हाक ध्वनिमुद्रित करून ठेवावी. तेवढ्यानेही खात्री झाली नाही, तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रजाती न ठरवता केवळ गटाची नोंद करण्याची सोय आहे, तिचा निःसंकोच वापर करावा.