अनुभव धागा: आजी-आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना काय राखले, काय बदलले?

धागाप्रवर्तक

वारशाने आलेली जुनी गाडी दुरुस्त करण्याचे काम ज्यांनी पूर्ण केले आहे, जे सध्या करीत आहेत, किंवा ज्यांनी विचारपूर्वक ते हाती घेतलेच नाही, अशा सर्वांना येथे आपला अनुभव सविस्तर लिहिण्याचे निमंत्रण आहे. हौसेने विकत घेतलेली जुनी गाडी आणि आजोबांनी किंवा आजीने आयुष्यभर वापरलेली गाडी यांच्या यांत्रिक कामात काहीच फरक नसतो. फरक असतो तो निर्णय घेताना. विकतच्या गाडीचा झिजलेला गिअरचा मुठा बदलताना कोणी दोनदा विचार करीत नाही, पण घरच्या गाडीत तो मुठा कोणाच्या तळहाताने झिजला आहे हे आपल्याला ठाऊक असते, आणि तेथेच हात थांबतो.

ऐतिहासिक वाहनांसाठी काम करणाऱ्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ज्याची स्थापना १९६६ मध्ये झाली, आपल्या ट्यूरिन सनदेत जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार असा स्पष्ट भेद केला आहे. आहे ते तसेच सांभाळणे वेगळे, आणि नाहीसे झालेले पुन्हा घडवणे वेगळे. आपण ही सीमारेषा कोठे आखली आणि कशाच्या आधारे, हे लिहावे. कामाचा तपशील जितका द्याल तितका तो पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल.

थोरला नातू

आमच्याकडे आजोबांची मॉरिस मायनर आहे. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ मध्ये बाजारात आली. आमची नंतरच्या काळातली, १०९८ घन सेंटिमीटर इंजिनाची आहे. आजोबांनी गाडी चालवणे सोडल्यानंतर ती कित्येक वर्षे छपराखाली उभी होती. ती माझ्या ताब्यात आली तेव्हा घरातल्या प्रत्येकाला वाटत होते की नवी बॅटरी जोडून एकदा सेल्फ मारून पाहावा. मी त्याला ठाम नकार दिला, आणि असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांनीही तो द्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दीर्घकाळ उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असू शकतात, आणि सेल्फच्या जोराने त्या ओढल्या गेल्या तर रिंग तुटते किंवा भिंतीवर कायमचा ओरखडा उमटतो.

मी चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडले, ते मुरू दिले, आणि त्यानंतर पुढे हँडल लावून इंजिन हाताने अगदी थोडे थोडे हलवत सोडवले. ते फिरू लागल्यावरही ते सुरू करण्याची घाई केली नाही. जुने ऑइल काढून चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे, उतरवला, कारण तळाशी साचलेला घट्ट गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर नव्या ऑइलचाही उपयोग होत नाही. टाकीतल्या पेट्रोलचा हलका अंश केव्हाच उडून गेला होता आणि राहिलेल्याचा चिकट थर बसला होता. तो कार्बोरेटरच्या जेटपर्यंत पोहोचू नये म्हणून टाकी, नळी आणि पंप ही तिन्ही एकदमच साफ केली. येथे एक इशारा द्यायलाच हवा. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. म्हणून तिच्यावर घरी वेल्डिंग कधीही करू नये.

इंजिन सुरू झाले तरी एका सिलिंडरचा दाब कमी येत होता. अशा वेळी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून दाब पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा असतो. वाढला नाही तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचा. आमचा वाढला नाही. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवल्यावर एग्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे तो बंद होताना टेकतो ती कडा, खोल गेलेली दिसली. याचे कारण इंधनाच्या इतिहासात आहे. १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा इंजिनाची ठोक थांबवण्याचा गुण ध्यानात आला आणि पेट्रोलमध्ये शिसे मिसळू लागले. ठोक, म्हणजे इंधन अवेळी पेटल्याने बसणारे धक्के, थांबावी हा त्याचा हेतू होता, पण ज्वलनानंतर उरणारी शिशाची संयुगे व्हॉल्व्हच्या बैठकीवर एक संरक्षक थरही ठेवत असत. शिसे आरोग्याला घातक असल्याने रस्त्यावरच्या गाड्यांच्या पेट्रोलमधून ते हळूहळू जगभर बंद झाले, २०२१ मध्ये अल्जीरियाने त्याची विक्री थांबवल्यावर तर पूर्णच, आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र त्या काळच्या मऊ बिडाच्या बैठका शिसेविरहित पेट्रोलवर अधिक वेगाने झिजतात. आम्ही हेडमध्ये कठीण धातूच्या नव्या बैठका बसवून घेतल्या. हा बदल बाहेरून दिसत नाही, गाडीचा स्वभाव बदलत नाही, आणि तिचे आयुष्य वाढवतो. असे बदल मी निःसंकोचपणे करतो.

अभियंता नात

वरील लेखनात इंजिन आधी आले आहे. माझ्या मते क्रम ब्रेक, सुकाणू, टायर आणि मग इंजिन असा असावा. सुरू न होणारी गाडी कोणाला इजा करीत नाही. न थांबणारी करते.

माझ्या आजोबांच्या गाडीचे ब्रेक पेडल पायाला घट्ट लागत होते, त्यामुळे घरच्यांना ब्रेक चांगले वाटत होते. व्हील सिलिंडर उघडल्यावर आत गंजाचे खड्डे दिसले आणि रबरी होजपाइप आतून फुगून जवळजवळ बंद झालेले होते. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस ठरवलेला आहे, तर ओल शोषलेल्या तेलासाठी तो १५५ अंश इतकाच धरलेला आहे. उतारावर सतत ब्रेक लावताना या तेलाची वाफ झाली की पेडल थेट खाली जाते. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, नळ्या आणि होजपाइप हे सगळे मी नवे घातले. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करावी.

टायरच्या नक्षीवर विश्वास ठेवू नये. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार अंकी संकेत असतो, त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. संकेत तीनच अंकी असेल तर तो टायर गेल्या शतकातला आहे, आणि त्याची नक्षी कितीही खोल असली तरी तो रस्त्यावर नेण्यायोग्य नाही. मॉरिस मायनरवाल्यांसाठी एक विशेष सूचना: पुढच्या चाकांचे आट्यांचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळते ते सांधे, वेळोवेळी ग्रीस न मिळाल्यास झिजून सुटतात आणि चाक आडवे होऊन गाडी बसते. थोरल्या नातवांनी ते तपासले आहेत का, हे जरूर कळवावे.

आजोबांच्या आठवणीचा प्रश्न या भागांच्या बाबतीत मला पडला नाही. ते स्वतः ब्रेक शूच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते.

थोरला नातू

ट्रनियन उतरवून पाहिले होते. डाव्या बाजूचे आटे झिजलेले होते, दोन्हीकडचे बदलले. क्रमाविषयीचे आपले म्हणणे मला मान्य आहे.

नातसून

आमची गाडी माझ्या आजेसासूबाईंची. त्या काळात त्या स्वतः चालवत असत आणि शेजारच्या आसनावर आजेसासरे बसत, हे घरात आजही कौतुकाने सांगितले जाते. गाडी माझ्या हाती आली तेव्हा तिचे यंत्र बऱ्यापैकी शाबूत होते. प्रश्न होता तो रंगाचा आणि आसनांचा.

गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळाला तो सगळा रंग खरवडून नवा चढवण्याचा. मी आधी एका कोपऱ्यात हलक्या पॉलिशने घासून पाहिले. पांढरट, खडूसारखा दिसणारा थर निघाला आणि खाली मूळ रंग जिवंत होता. जुना रंग असा वरून निस्तेज झाला म्हणजे मेला असे नसते. मात्र तो पातळ असतो, कडांवर आणि उंचवट्यांवर तर फारच, म्हणून तेथे यंत्राने न घासता हातानेच घासावे लागते. जेथे पत्रा उघडा पडला होता तेवढ्याच जागी गंज काढून, प्रायमर देऊन, जुळता रंग लावला. पूर्ण नवा रंग कधीही देता येतो, पण कारखान्यातून आलेला रंग एकदा खरवडला की तो परत येत नाही, या एकाच विचाराने मी निर्णय घेतला. चालकाच्या दाराच्या मुठीखाली अर्धवर्तुळाकार ओरखड्यांचा एक झुबका आहे. तो आजेसासूबाईंच्या अंगठीने आणि किल्ल्यांच्या जुडग्याने झालेला आहे, आणि त्यावर मी फक्त मेण लावले.

आसन उघडल्यावर वरचे कापड, त्याखाली कापसाचा थर, मग काथ्याची गादी आणि तळाशी स्प्रिंगांची चौकट असे थर दिसले. खचलेपणा कापडाचा नव्हता, तुटलेल्या स्प्रिंगांचा आणि चुरा झालेल्या काथ्याचा होता. त्यामुळे आतले सगळे नवे भरले आणि वरचे कापड तेच ठेवले. फाटलेल्या जागी लागणारा तुकडा आसनाच्या खालच्या, दुमडलेल्या भागातून काढला. तेथील कापडावर ऊन पडलेले नसल्याने त्याचा रंग थोडा गडद आहे, पण विण तीच आहे. फोम भरला असता तर काम लवकर झाले असते, परंतु बसण्याची उंची आणि दबण्याची रीत बदलली असती, आणि सासूबाईंनी डोळे मिटून बसल्यावर ‘हे तेच आसन आहे’ असे म्हटले नसते.

धाकटा नातू

गंजाविषयी लिहितो, कारण पुष्कळ कामे तेथेच अडतात.

सर्वप्रथम आपल्या गाडीची रचना ओळखावी. ट्रायम्फ हेराल्डसारख्या गाडीला स्वतंत्र चॅसी, म्हणजे खालची भक्कम चौकट, असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते, त्यामुळे एखादा भाग पूर्ण उतरवून काम करता येते. फियाट ११०० मध्ये स्वतंत्र चॅसी नाही. तळपत्रा, दारांखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच सांगाडा होतो. अशा गाडीत दाराखालची पेटी कुजली असेल तर तो केवळ दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. आजोबांची गाडी अनेक हातांखालून गेली होती आणि तिच्या एका मडगार्डात लांबीचा थर बोटभर जाड निघाला.

पेट्या कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे पाइप तात्पुरते जोडून घेणे अत्यावश्यक आहे, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी कापू नये. नाहीतर मधला भाग खचतो, नवा पत्रा त्याच खचलेल्या स्थितीत जोडला जातो आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. दारांच्या फटींची मापे काम सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवावीत.

लहान भागांसाठी विद्युत-अपघटनाची पद्धत मला फार आवडली. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला जोडायचे. चांगला धातू जराही न खाता गंज सुटतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची कदापि घेऊ नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करावे.

आईकडचा नातू

वायरिंगपुरते लिहितो. जुन्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आजच्या सवयीने ऋण टोक जोडले तर डायनॅमोची ध्रुवता बिघडते आणि नंतर बसवलेला रेडिओ जळू शकतो. आधी नीट पाहावे, मग जोडावे. कापडी वेष्टणाच्या वायरी वाकवताच वेष्टण भुरभुरत असेल तर पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा सगळा जुडगा, बदलणे हाच मार्ग आहे. तशाच विणीच्या वेष्टणाच्या नव्या वायरी मिळतात.

तीन चुलत भावंडांपैकी मधली

आमच्या कामात सर्वांत अवघड भाग यंत्राचा नव्हता. गाडी आजोबांनी कोणा एकाच्या नावे ठेवलेली नव्हती, आणि एकाला ती नवीकोरी हवी होती, एकाला जशी आहे तशी, तर मला ती चालती हवी होती. आम्ही काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा वाटा, गाडी ठेवण्याची जागा आणि विकण्याचा प्रश्न आलाच तर घरातल्यांना पहिला हक्क, एवढे लेखी करून सह्या केल्या. कागदपत्रे कोणाच्या नावे आहेत याचा उलगडाही पहिला पानाही हाती घेण्याआधी करावा.

गाडी न जोडलेला नातू

धागाप्रवर्तकांनी काम न करणाऱ्यांनाही बोलावले आहे, म्हणून लिहितो. आमच्या गाडीचा तळ, खांब आणि छताच्या कडा पूर्ण कुजल्या होत्या. सगळे नव्याने घडवले असते तर इंजिन, सुकाणू आणि बिल्ला एवढेच आजोबांच्या वापरातले उरले असते. फोक्सवॅगन बीटलसारख्या, २००३ पर्यंत बनत राहिलेल्या गाडीचे बहुतेक सगळे भाग आजही नवे मिळतात. तेथे हा प्रश्न निराळा ठरला असता. आमची गाडी त्या भाग्याची नव्हती. आम्ही ती न चालणारी वस्तू म्हणून जपायचे ठरवले. पेट्रोल, पाणी आणि ब्रेक ऑइल पूर्ण काढले, सिलिंडरमध्ये तेल सोडले, पोकळ भागांत मेण फवारले आणि वजन टायरांवर राहू नये म्हणून ती ठोकळ्यांवर ठेवली. या निर्णयाला अपयश म्हणणारे भेटतात. मी ते मानत नाही, कारण जे आजोबांचे होते ते आजही तेथेच आहे.

पणती

आमची गाडी माझ्या बाबांनी पूर्ण केली आणि आता ती सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून नंतरच्या देखभालीविषयी लिहिते. आठवड्यातून एकदा उभ्या गाडीचे इंजिन थोडा वेळ चालू ठेवण्याची पद्धत बहुतेक घरांत असते. तिने नुकसानच अधिक होते. इंजिन पूर्ण तापत नाही, ज्वलनातून तयार झालेले पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठते, आणि दोन्ही आतून खराब होतात. गाडी कमी वेळा काढली तरी चालेल, पण काढली की ती पूर्ण तापेल इतकी चालवावी. पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा आहे याची खात्री करून घ्यावी. दीर्घकाळ गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी.

बाबांनी बदललेल्या प्रत्येक भागावर न दिसणाऱ्या जागी वर्ष कोरले आहे, आणि काढलेले जुने भाग चिठ्ठ्या बांधून एका पेटीत ठेवले आहेत. ट्यूरिन सनदही बदललेल्या भागांवर खूण करण्याची शिफारस करते. पणजोबांच्या हातच्या नोंदवहीत ऑइल बदलल्याच्या आणि पंक्चर काढल्याच्या नोंदी आहेत. त्याच वहीत पुढच्या पानापासून बाबांच्या नोंदी सुरू होतात, आणि सध्या मी त्यात क्लचप्लेट बदलल्याचा तपशील भरत आहे. फियाट ११०० साठी क्लचची योग्य मापे कोणाकडे मूळ पुस्तिकेतून उतरवलेली असतील तर ती येथे द्यावीत.