सहाव्या प्रतीचा धूमकेतू बायनॉक्युलरमधून का दिसत नाही?

चंद्रकोर:
ॲपमध्ये धूमकेतूची प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितकं अंधुक) ६ दाखवतंय. १०×५० बायनॉक्युलरमधून त्या भागातले आठव्या प्रतीचे तारे सहज दिसतात, पण धूमकेतूच्या जागी काहीच नाही. तीन संध्याकाळी पाहिलं: सूर्यास्तानंतर तासाभराने, पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण १२ अंशांवर. आकाश शहरातलं. चुकतंय कुठे?

ध्रुवमत्स्य:
प्रत वाचण्यात चुकतंय. ती ६ म्हणजे धूमकेतूचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा केला तर मिळणारी प्रत. ताऱ्याचा प्रकाश ठिपक्यातच असतो, धूमकेतूचा मात्र कोमाभर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या धूसर आवरणात, पसरलेला असतो. कोमाचा व्यास २० कला (६० कला म्हणजे एक अंश) धरला (पूर्ण चंद्राचा साधारण ३०) तर क्षेत्रफळ ३१४ चौरस कला होतं आणि दर चौरस कलेच्या वाट्याला जेमतेम १२.२ प्रत येते. शहरातल्या आकाशाची पार्श्वभूमी त्याच मापात ९.१ च्या आसपास, म्हणजे कोमापेक्षा सुमारे १७ पट उजळ. गडद अंधाऱ्या जागी ती १३.१ पर्यंत उतरते आणि तोच कोमा उठून दिसतो.

हे डोळ्यांनी पटवून घ्यायचं असेल तर सहाव्या प्रतीचा तारा बायनॉक्युलरमध्ये धरा आणि फोकसचं चाक हळूहळू फिरवत त्याची चकती मोठी करत न्या. शहरात ती चंद्राएवढी होण्याच्या आतच आकाशात विरघळून जाते. धूमकेतूचं नेमकं हेच होतंय.

कोमा एकसारखा पसरलेला नसतो, हे मात्र लक्षात ठेवा. मध्यभाग दाट असेल तर तोच धूमकेतू बराच सोपा होतो. म्हणून निरीक्षक प्रतीसोबत ० ते ९ असा दाटपणाचा आकडाही नोंदवतात. ० म्हणजे सपाट धूसर डाग, ९ म्हणजे जवळपास ताऱ्यासारखा. अलीकडच्या नोंदींमध्ये हा आकडा आधी बघा. २-३ असेल तर शहरातून वेळ घालवू नका.

अरुंधती:
वरच्या हिशेबात उंचीची भर घाला. १२ अंशांवर हवेचा थर डोक्यावरच्यापेक्षा पावणेपाच पट जाड असतो. स्वच्छ हवेतही जवळपास एक प्रत जास्त खाल्ली जाते, धुळीत त्याहून जास्त. शिवाय तासाभराने संधिप्रकाश पुरता गेलेला नसतो, त्यासाठी सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जायला हवा. पण तोवर तुमचा धूमकेतू मावळतीला टेकेल! असा धूमकेतू पुढे पहाटेच्या आकाशात येणार असेल तर तेव्हाच गाठा.

बायनॉक्युलर तिवईवर लावा. हातातल्या थरथरीत धूसर डाग आधी हरवतो. फोकस ताऱ्यावर पक्का करा, वीस-तीस मिनिटं डोळे अंधारात ठेवा (मोबाइल खिशात, नकाशासाठी मंद लाल दिवा), मग डागाकडे थेट न बघता थोडं बाजूला बघा आणि बायनॉक्युलरला हलकी टिचकी मारा. हलणारा अंधुक डाग डोळ्याला पटकन जाणवतो.

चंद्रकोर:
आभार. ॲपमधली जागाच चुकीची असू शकते का?

ध्रुवमत्स्य:
हो, आणि हे नेहमी होतं. कक्षेची माहिती महिनोन्‌महिने जुनी असेल तर ती आधी अपडेट करा. पृथ्वीजवळून जाणारे धूमकेतू फार वेगाने सरकतात. मार्च १९९६ मध्ये हयाकुताके धूमकेतू ०.१ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराचा दहावा भाग) अंतरावरून गेला तेव्हा एका रात्रीतच त्याची जागा बदललेली कळत होती. प्रतीचा अंदाज तर त्याहून कच्चा. २०१३ मध्ये आयसॉनकडून मोठ्या अपेक्षा होत्या, पण २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना तो विखुरला. म्हणून अंदाजापेक्षा दोन-तीन दिवसांतली प्रत्यक्ष नोंद पाहा.

अरुंधती:
डाग सापडलाच तर तो तारकागुच्छ किंवा दीर्घिका नाही ना, हे नकाशावर तपासा. मेसिए या फ्रेंच धूमकेतू-शोधकाने अशा धूसर डागांची आपली यादी धूमकेतूंशी गल्लत होऊ नये म्हणूनच केली होती. मग आजूबाजूच्या ताऱ्यांसह रेखाटन करा आणि तास-दोन तासांनी पुन्हा बघा. पृथ्वीजवळचा असेल तर तेवढ्यात सरकलेला दिसेल, दूरचा असेल तर दुसऱ्या रात्री.