मदत हवी आहे : शेअर सर्टिफिकेटचा फॉर्मॅट (अर्जंट)

रबाळेकर
नमस्कार मंडळी. तीन जणांना कंपनीचे शेअर द्यायचे आहेत, मिळून २० टक्के. शेअर सर्टिफिकेटचा वर्डमधला फॉर्मॅट कुणाकडे असेल तर टाका. आमचे सीए फोन उचलत नाहीत आणि मामा रोज विचारतोय, "कागद कधी देतोस?" लांबण नको, फक्त फॉर्मॅट हवाय.

वागळे२२
प्रायव्हेट लिमिटेड आहे का? आमच्या वागळे इस्टेटीत भागीदारीवाले पण बिनधास्त "शेअर देतो" म्हणतात. भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर शेअर हा प्रकारच नाही, करारात वाटा घालावा लागतो.

रबाळेकर
प्रा. लि. आहे हो. एमआयडीसीत गाळा आहे, मसाला पॅकिंगचं काम. फॉर्मॅट?

घणसोली_लोकल
लोकांना वाटा कशाला देता? सरकारी मुद्रा कर्ज घ्या. २० लाखांपर्यंत मिळतं, तारण नाही. माझ्या भावाचं झालं.

वागळे२२
@घणसोली_लोकल २० लाख मुद्राच्या तरुण प्लस गटात, तेही आधीचं तरुण कर्ज फेडलेल्यालाच. नव्या माणसाला कमाल १० लाख. अर्धवट सांगू नका राव.

ऐरोलीची_सीएस
फॉर्मॅट एसएच-१ नावाने नेटवर पडलेला आहे. पण तो सगळ्यात शेवटचा कागद. आधी सांगा: पैसे आलेत का? कधी, कसे, कोणत्या खात्यात? पेड-अप (भरलेलं भांडवल) किती, ऑथोराइज्ड (भांडवलाची मंजूर कमाल मर्यादा) किती? व्हॅल्युएशन (शेअरच्या किमतीचं मूल्यांकन) केलंय का?

रबाळेकर
पैसे आलेत म्हणून तर घाई आहे ना ताई. मावसभावाचे ८ लाख २८ मार्चला आरटीजीएसने, मित्राचे ५ लाख एप्रिलमध्ये, मामाचे ३ लाख रोख. सगळे आपल्या करंट खात्यात. पाऊच मशीनचा अ‍ॅडव्हान्स त्यातूनच गेला. पेड-अप १ लाख, ऑथोराइज्ड १० लाख, शेअर १० रुपयांचा. ठरावाचं काय, डायरेक्टर आणि शेअरहोल्डर मी आणि मेहुणा दोघंच. सही मारून टाकू. आज १ जून, या आठवड्यात उरकायचंय.

ऐरोलीची_सीएस
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंत.

आधी तारीख बघा. शेअरसाठी घेतलेल्या पैशावर साठ दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत. मावसभावाचे साठ दिवस २७ मेला भरले, परत करायची मुदत ११ जून. ती चुकली की साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याज, शिवाय ती रक्कम डिपॉझिट धरली जाते. ते लचांड वेगळंच.

दुसरं, प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये, म्हणजे ठरावीक माणसांनाच शेअर देताना, पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यायचे असतात आणि पीएएस-३ (शेअर दिल्याचं कळवायचा फॉर्म) भरेपर्यंत वापरायचे नसतात. तुम्ही मशीनला दिलेत. आणि रोख तर चालतच नाही. त्यात एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर आयकराचा दंड घेतलेल्या रकमेएवढा. मामांना परत करतानाही बँकेतूनच करा, रोख नको.

बेलापूर_बाबा
ताई घाबरवतायत. मार्चच्या तारखेचा ठराव लिहा, सह्या करा, मोकळे व्हा. पूर्वी सगळे असंच करायचे.

ऐरोलीची_सीएस
@बेलापूर_बाबा पूर्वी फॉर्म कागदावर जायचे. आता एमजीटी-१४ (ठराव कळवायचा फॉर्म) आणि पीएएस-३ पोर्टलवर भरले की भरल्याची तारीख उमटते. बँकेचं स्टेटमेंट तुमचं ऐकणार आहे का?

कोपरी_कट्टा
एसएमई आयपीओचा विषय निघालाच आहे तर, या आठवड्यात कुठला लावावा? जीएमपी कोण बघतं?

वागळे२२
@कोपरी_कट्टा कुठे निघाला??

रबाळेकर, किंमत किती लावणार आहात? १० रुपयाने देणार असाल तर थांबा. १६ लाखांचे १ लाख ६० हजार शेअर होतात. तुमचे दोघांचे मिळून १० हजार. म्हणजे ९४ टक्के कंपनी त्यांची.

रबाळेकर
काय सांगता! सीएंनी ऑथोराइज्ड वाढवावं लागेल एवढंच सांगितलं होतं.

वागळे२२
त्यांनी १० रुपयांचा हिशोब धरला असणार. २० टक्के द्यायचे तर नवे शेअर २,५००, एकेक ६४० रुपयांना. १० दर्शनी, ६३० प्रीमियम. ऑथोराइज्डमध्ये फक्त दर्शनी मोजतात, म्हणजे २५ हजार. १० लाख आहे त्यात आरामात बसतं, काही वाढवू नका.

ऐरोलीची_सीएस
बरोबर. पण ६४० ला रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागेल, किंमत त्यापेक्षा कमी ठेवता येत नाही. जास्त असली तर एंजल टॅक्सची (जादा किमतीवरच्या कराची) भीती आता नाही, तो काढून टाकलाय.

बेलापूर_बाबा
रिपोर्टला कशाला पैसे घालवता? राइट्स इश्यू करा, म्हणजे आधीच्या शेअरहोल्डरनाच नवे शेअर देऊ करा. ऑफर तुम्हा दोघांना, दोघांनी हक्क मामांच्या नावे सोडायचा. व्हॅल्युएशन नको, पीएएस-४ (ऑफर लेटर) नको.

ऐरोलीची_सीएस
हे मात्र बाबा खरं बोलले. आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) हक्क सोडायला मनाई नाही ना, ते बघा. ऑफर किमान सात दिवस, कमाल तीस दिवस उघडी ठेवायची. पण बाहेरचे तीन जण आधीच ठरलेत आणि पैसेही देऊन बसलेत, मग राइट्सचा नुसता बुरखा दिसतो. मी असते तर सरळ प्लेसमेंट केलं असतं.

बेलापूर_बाबा
तुम्ही फी लावणार म्हणून!

ऐरोलीची_सीएस
फी तर मी राइट्सलाही लावीन.

घणसोली_लोकल
एवढ्या भानगडी? नातेवाईकांचं कर्ज दाखवा की. प्रायव्हेट कंपनीत चालतं.

ऐरोलीची_सीएस
डायरेक्टरच्या नातेवाईकाचं चालतं. पण कंपनी कायद्यातले नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण, आणि एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर त्यातले सदस्य. मामा आणि मावसभाऊ त्या यादीत नाहीत, मित्र तर नाहीच.

रबाळेकर
डोकं बधिर झालं. मशीनवाला अ‍ॅडव्हान्स परत देणार नाही. मग ११ तारखेपर्यंत ८ लाख आणू कुठून?

ऐरोलीची_सीएस
तुम्ही किंवा मेहुण्यांनी डायरेक्टर म्हणून कंपनीला कर्ज द्या. "ही रक्कम मी उसनी घेतलेली नाही" असं लेखी द्यावं लागतं. मात्र मावसभावाकडूनच घेऊन फिरवलेत तर ते लेखी खोटं ठरेल. त्या पैशातून तिघांचे परत करा. मग क्रमाने: बोर्ड मीटिंग, सभेत विशेष ठराव, एमजीटी-१४, तो भरल्यावरच तिघांना नावाने पीएएस-४. पैसे वेगळ्या खात्यात. शेअर दिल्यापासून पंधरा दिवसांत पीएएस-३, दोन महिन्यांच्या आत सर्टिफिकेट. मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे १६ लाखांवर ८० रुपये. स्मॉल कंपनी असाल तर कागदी सर्टिफिकेट चालेल, नाहीतर डीमॅट.

रबाळेकर
मेहुणा एफडी मोडतोय. बायकोने त्यावरून घर डोक्यावर घेतलंय, ते जाऊ दे. मावसभाऊ आणि मित्र तयार आहेत. मामा अडून बसलाय. म्हणतो, "घरातल्या घरात चेक कसला, आणि माझ्या पासबुकात कशाला दाखवायचं?"

ऐरोलीची_सीएस
मग त्यांच्याशिवाय करा. १३ लाखांवर पुन्हा हिशोब मांडा.

वागळे२२
६४० चाच भाव ठेवलात तर २,०३१ शेअर बसतात, १६० रुपये परत करावे लागतील. टक्के १६.९ च्या आसपास. मित्राला आधी सांगा, नाहीतर तो २० धरून बसेल.

घणसोली_लोकल
पाऊच मशीन कितीला पडलं? हळद भरताना धूळ उडते का? आमच्याकडे एक सेकंडहँड बघतोय.